किल्ली ज्यांच्या हातात नाही, त्यांचं घर

फोंड्याहून एका गृहस्थांचं पत्र आलं आहे. वय ५२, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. पत्नी, यंदा अकरावीत जाणारा मुलगा आणि ७६ वर्षांची आई यांच्यासह ते बरीच वर्षं फोंड्यातल्या तिस्क या गजबजलेल्या चौकाजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. पत्नी घरीच गाण्याच्या शिकवण्या घेतात. आई दर शुक्रवारी बसने कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला जातात. जानेवारीत या गृहस्थांनी वाळपईच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून तीन किलोमीटर आत, एका वाडीवर जुनं कौलारू घर पाहिलं. सोबत विहीर, चार माड, थोड्या पोफळी आणि मागे काजूची बागायत. किंमत आवाक्यातली आहे, तेवढ्या पैशांत फोंड्यात धड दोन खोल्यांचा फ्लॅटही येत नाही. ‘आयुष्यभर हॉर्न ऐकले, आता पाखरं ऐकायची आहेत,’ असं ते लिहितात. पत्नी मात्र या विषयावर गप्प आहेत. आई म्हणतात, ‘तुम्ही न्याल तिथे येईन.’ घरात गाडी एक, आणि ती चालवणारे हे एकटेच. विक्रेत्याला जूनच्या आत इसार हवा आहे. प्रश्न असा: व्यवहार करावा का, आणि बायकोला कसं पटवावं?

नमस्कार.

तुमच्या शांततेच्या ओढीविरुद्ध मला एक शब्दही बोलायचा नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिस्कवर उभं राहिलेल्या कुणालाही ती समजेल. दिवसभर यंत्रांच्या आवाजात काम करून आलेल्या माणसाला अंगण, विहीर, पोफळीची सावली हवीशी वाटली तर ती चैन नाही. त्यामुळे हा विचार सोडून द्या, असं मी सांगणार नाही. पण तुम्ही ते घर ज्या दिवशी, ज्या ऋतूत आणि ज्या वाहनाने पाहिलंत, त्याविषयी मला बरंच बोलायचं आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘गाडी एकच, आणि चालवणारा मी एकटा.’ घरची माहिती देताना ओघात आल्यासारखं तुम्ही ते लिहिलंत. माझ्या मते तुमचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आहे. तुमच्यासाठी ते घर वाळपईच्या बाजारापासून दहा-बारा मिनिटांवर आहे. तुमच्या पत्नीसाठी ते आधी तीन किलोमीटर पायी, मग मुख्य रस्त्यावर बसची वाट, आणि परतताना हातात सामान घेऊन पुन्हा तीन किलोमीटर एवढं लांब आहे. तुमच्या आईंसाठी तर ते अंतर किलोमीटरमध्ये मोजताच येत नाही. तुम्ही मोकळे असाल तेव्हा, तुम्हाला वेळ असेल तर, आणि तुम्हाला सांगायचा त्यांना धीर झाला तरच त्या घराबाहेर पडतील. आज त्या दर शुक्रवारी कुणालाही न विचारता कवळ्याला जातात. वयाच्या ७६ व्या वर्षी एखादी बाई स्वतः बसमध्ये चढते, तिकीट काढते, ओळखीच्या चार बायकांशी बोलून परत येते, ही मोठी गोष्ट आहे. तुमच्या हिशेबात ती कुठेच दिसली नाही.

तुमच्या पत्नींचंही तसंच. शिकवणीला येणारी मुलं फोंड्यात चालत येतात, नाहीतर आईच्या स्कूटरवरून. वाडीवर कोण येणार? राजीव कला मंदिरात एखादी मैफल असली, नाट्यस्पर्धेतला प्रयोग असला, तर आज त्या मैत्रिणीबरोबर जाऊन रात्री रिक्षाने घरी येऊ शकतात. तिथून हे बंद होईल. रोज संध्याकाळी तुम्ही दमून घरी पोहोचल्यावर ‘मला पुन्हा फोंड्याला सोडाल का?’ असं कोणती बायको विचारेल? एक-दोनदा विचारेल, मग विचारणं सोडून देईल, आणि तिला आता गाण्याची आवड राहिली नाही असा तुमचा समज होईल. या सदराकडे अशा बायकांची पत्रं येतात. घर घेतानाची नसतात ती, घर घेऊन पाच-सात वर्षं झाल्यावरची असतात.

म्हणून ‘बायकोला कसं पटवू’ या प्रश्नाला माझं उत्तर असं: पटवू नका. त्या गप्प आहेत त्याअर्थी बहुधा त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे, आणि ते सांगितलं तर तुमच्या स्वप्नावर पाणी पडेल याची त्यांना भीती आहे. ‘तुला हे घर आवडलं का?’ असं विचारू नका, त्याला माणूस ‘हो’च म्हणतं. ‘तिथे राहायला गेल्यावर तुझा मंगळवार कसा जाईल, सकाळपासून रात्रीपर्यंत सांग,’ असं विचारा आणि मध्ये बोलू नका. आईंनाही वेगळं विचारा. ‘तुम्ही न्याल तिथे येईन’ याला होकार समजू नका. त्या पिढीच्या बायकांनी हे वाक्य जन्मभर म्हटलेलं आहे.

यात कायद्याचीही बाजू आहे, आणि गोव्याबाहेरच्या सल्ल्यांत ती सापडत नाही. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा कुटुंबाच्या बाबतीत अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते. लग्नानंतर घेतलेल्या घरात अर्धा वाटा पत्नीचा, मग कागदावर नाव कुणाचंही असो आणि पगार कुणाचाही असो. पुढे ते घर विकायचं झालं तरी त्यांच्या सहीशिवाय विकता येणार नाही. तेव्हा अर्ध्या मालकिणीची समजूत घालायची नसते. तिच्याबरोबर बसून ठरवायचं असतं.

आता त्या शांततेकडे वळू. एखादी वाडी शांत दिसली की ती कशामुळे शांत आहे, हे विचारावं. सत्तरी (वाळपई याच तालुक्यात), डिचोली, सांगे, धारबांदोडा या भागांत याची उत्तरं वेगवेगळी मिळतात.

एक उत्तर ट्रकांचं. सत्तरीच्या खाणपट्ट्यात, होंडा, पिसुर्ले, सोनशी भागात, लोकांनी खनिज वाहतुकीची धूळ वर्षानुवर्षं खाल्ली. २०१७ मध्ये सोनशीच्या गावकऱ्यांनी ट्रक अडवले आणि त्यांना अटक झाली, हे तुम्हाला आठवत असेल. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चमध्ये खाणी थांबल्या आणि रस्ते मोकळे झाले. त्यानंतर सरकारने खाणपट्ट्यांचे लिलाव केले आणि डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झालं. मधल्या वर्षांत जी गावं शांत वाटली, त्यांतल्या काहींची शांतता न्यायालयाच्या आदेशाने आलेली होती. तुमची वाडी खाणींपासून दूर असेलही, पण कुंडईला जायचा तुमचा रोजचा रस्ता दूर आहे का? कुठले खाणपट्टे लिलावात गेले, त्यांची वाहतूक कोणत्या रस्त्याने होणार, हे खाण खात्याकडे आणि पंचायतीत विचारून घ्या.

दुसरं उत्तर बंद घरांचं, आणि ते अधिक अवघड. पुढच्या वेळी गेलात की वाडीवरची कुलूपबंद घरं मोजा. अनेक वाड्यांवरची तरुण माणसं नोकरीसाठी पणजी, वास्को, फोंडा गाठतात आणि चतुर्थीला परततात. चतुर्थीचे दिवस सोडले तर तिथे म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात. अशी शांतता पहिलं वर्षभर गोड लागते. मग एखाद्या रात्री आईंना चक्कर येते, तुम्ही दुसऱ्या पाळीला कुंडईत असता, आणि शेजारच्या तिन्ही घरांना कुलूप असतं. शेजारी असलेली वाडी थोडी गोंगाटाची असते, सप्ताहाला भजन रात्रभर चालतं, शिगम्याला ढोल वाजतात, कुणाचा तरी कोंबडा पहाटे चारला उठवतो. तरी मी घर घ्यायला तीच वाडी निवडीन.

वाडी जिवंत आहे की नाही, हे ओळखायची एक सोपी खूण सांगते. दारावर कोण येतं ते विचारा. पोदेर, म्हणजे पाववाला, येतो का, दोन्ही वेळा की एकदाच? मासे घेऊन कुणी येतं का, आठवड्यातून किती वेळा? गॅसचा सिलिंडर घरापर्यंत पोहोचतो की रस्त्यावर ठेवून जातात? शाळेचा बालरथ आत वळतो का? पोदेर नफा-तोटा पाहूनच वाट धरतो. त्याचा हॉर्न जिथे रोज वाजतो तिथे पुरेशी माणसं राहतात. ही माहिती दलालाला विचारू नका, विक्रेत्यालाही नको. विहिरीवर किंवा दुकानात भेटणाऱ्या बायकांना विचारा. शेवटची बस किती वाजता, ती खरंच येते का, पावसात आतपर्यंत येते की फाट्यावरूनच वळते, हे कंडक्टर आणि त्या बायकाच सांगतील. कदंबची बस रोज येते आणि रविवारी येत नाही, असंही असतं. गोव्यातल्या आतल्या भागात अंधार पडल्यावर बस मिळणं कठीण, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बाजारातल्या स्टँडवर पायलट, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाला, मिळतो, पण आठ वाजता वाडीवर बोलावलं तर येईलच याचा भरवसा नाही.

आणि पाऊस. जानेवारीत गोव्यातलं कुठलं घर वाईट दिसतं? सत्तरीचा पाऊस किनाऱ्यावरच्या पावसापेक्षा जबर. २०२१ च्या जुलैत म्हादईला पूर आला तेव्हा नदीकाठच्या वाड्यांत पाणी शिरलं, मातीच्या भिंतींची जुनी घरं कोसळली. त्या जुलैत या घरात काय झालं होतं, हा प्रश्न विक्रेत्याला सरळ विचारा. वाटेत ओहोळावरचा साकव किंवा सखल पूल असेल तर तो वर्षातून किती वेळा पाण्याखाली जातो, ते गावात विचारा. झाड तारांवर पडून वीज गेली की कधी येते? त्या अंधारात मोबाईलला रेंज उरते का? उलट मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो का, तेही याच महिन्यात जाऊन पाहा. माड आणि पोफळी ज्या विहिरीवर आहेत तिचंच पाणी घरात यायचं असेल, तर मेमध्ये एकाला कमी पडतं. काजूच्या बागायतीत माकडं, रानडुकरं आणि गवेरेडे येणार हे गृहीत धरा. शेजाऱ्यांनी कुंपणावर काय खर्च केला, ते विचारा.

आईंच्या प्रकृतीचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, तरी ७६ वर्षांच्या माणसासाठी एवढं पाहावंच. वाळपईला सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण मोठ्या आजारात बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ (गोमेको) गाठावं लागेल आणि ते तिथून तासाभराहून जास्त लांब आहे. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका निघते. ती दारापर्यंत पोहोचते का, हा पुढचा प्रश्न. शेवटच्या दोनशे मीटरची वाट जांभ्या दगडाच्या दोन गडग्यांमधून जात असेल तर रुग्णवाहिका वळेल का? ती वाट कुणाच्या जमिनीतून जाते? ‘पूर्वीपासून सगळे इथूनच जातात’ हे उत्तर पुरेसं नाही. शेजारची जमीन उद्या दुसऱ्याने घेतली आणि गेट घातलं तर तुम्ही मामलेदाराकडे आणि कोर्टात फेऱ्या मारत बसाल. सर्व्हेच्या नकाशावर वाट दाखवलेली असावी, किंवा विक्रीखतात वाटेचा हक्क स्पष्ट लिहिलेला असावा.

मुलाविषयीही थोडं. अकरावी-बारावीची दोन वर्षं तो फोंड्यात शिकणार असेल तर रोजचा प्रवास तुमच्या गाडीला बांधलेला. वाळपईत किंवा साखळीत प्रवेश घेणार असेल तर त्याचे मित्र, क्लास, खेळ सगळं तुटेल, आणि त्याला वाडीवरून बाजारापर्यंत जायला काहीतरी लागेलच. अशा ठिकाणी सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात स्कूटर देण्याचा मोह आईबापांना होतो. घरोघरी देतात, म्हणून आपणही द्यावी असं वाटू लागतं. कृपा करून देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. कायद्याचं राहू द्या, पण गोव्याच्या आतल्या रस्त्यांवर रात्री गुरं बसलेली असतात, वळणावर दिवे नसतात. तुमचा मुलगा दोन वर्षांनी अठराचा होईल. ही दोन वर्षं थांबलात तर या प्रश्नाची धारच जाते.

आता तुमच्या आवडीचा हिशेब करू, कारण ‘किंमत आवाक्यातली’ या शब्दांवर तुमची भिस्त आहे. त्या वाडीपासून कुंडई एकेरी ४० किलोमीटरच्या घरात, म्हणजे रोज ८० किलोमीटर. लिटरला १६ किलोमीटर धावणारी गाडी रोज पाच लिटर पेट्रोल पिते. लिटरला शंभर रुपये धरले तर दिवसाचे ५०० आणि महिन्याच्या २५ दिवसांचे साडेबारा हजार. वर्षाला दीड लाख फक्त पेट्रोलला. टायर, सर्व्हिसिंग आणि गाडी लवकर झिजणं वेगळं. घरात दुसरं वाहन घ्यावं लागलं तर त्याचा खर्चही आलाच. सेवानिवृत्तीपर्यंतच्या आठ वर्षांत ही रक्कम सहज बारा लाखांच्या पुढे जाते. जुन्या घराचं छप्पर, वासे, वाळवी, स्नानगृह, विजेच्या तारा यांचा खर्च त्याशिवाय. फोंड्यातलं महाग घर आणि वाडीवरचं स्वस्त घर यांतला फरक काढताना हे आकडे दुसऱ्या रकान्यात लिहा. रोज गाडीत जाणारे दोन-अडीच तासही लिहा, कारण पाखरं ऐकायला तुम्ही घरी असायला हवं. सकाळी सातला निघून रात्री सातला परतणाऱ्या माणसाला त्यांचा आवाज रविवारीच ऐकू येईल.

आणखी वीस वर्षं पुढे पाहा. आज ५२ व्या वर्षी तुम्हाला रात्री घाटातून गाडी चालवायला काही वाटत नाही. लायसन्सच्या नियमात पंचावन्नीनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि डॉक्टरचा दाखला आहे, तो उगाच नाही. मोतीबिंदू होतो, मान वळत नाही, पावसात समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. तुम्ही ७२ वर्षांचे व्हाल तेव्हा तुमचा मुलगा पुण्यात, बेंगळुरूत किंवा परदेशात असू शकतो. त्या दिवशी त्या घरात गाडी चालवणारं कुणीही नसेल. आईंचा आजचा प्रश्न तेव्हा तुमचा असेल. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, तुमच्यासारखीच शांत जागा शोधणाऱ्या इतर वाचकांनाही: घर पाहायला जाताना घरातल्या गाडी न चालवणाऱ्या माणसाला बरोबर घ्या, आणि त्या दिवशी गाडी घरी ठेवा. बसने जा. फाट्यावर उतरून चालत जा. येताना वाळपईच्या बाजारात भाजी घेऊन तशाच वाटेने परत या. तेवढ्यात जे कळेल ते दलालाच्या दहा फोटोंत कळणार नाही.

एवढं सगळं पाहूनही तुम्हा चौघांचं मन तिथेच जात असेल, तर कागद तपासा. सत्तरीत हे काम इतर तालुक्यांपेक्षा अधिक जपून करावं लागतं. तिथे मोकासो (जमीनदारांना इनाम मिळालेल्या) आणि आल्वारा (सरकारने लागवडीसाठी दिलेल्या) जमिनींचे जुने गुंते आहेत. पिढ्यान्‌पिढ्या काजू काढणाऱ्या, घर बांधून राहणाऱ्या माणसाच्या नावावर जमीन नसते. मेळावलीत आयआयटीविरुद्ध आंदोलन पेटलं त्यामागे हीच दुखरी नस होती, आणि २०२१ च्या जानेवारीत सरकारला तो प्रकल्प तिथून हलवावा लागला. तुमचा विक्रेता कितीही सज्जन असला, त्याचे आजोबा त्याच घरात जन्मले असले, तरी त्याला ती जमीन विकता येईलच असं नाही. त्यातच १९९९ मध्ये अधिसूचित झालेलं म्हादई अभयारण्य जवळ. काजूची बागायत नक्की कुणाच्या हद्दीत येते, हे वन खात्याकडून लेखी घ्या.

एक-चौदाचा उतारा काढा आणि त्यातले सगळे रकाने वाचा. कब्जेदारांत कोण कोण आहेत, कुळाच्या रकान्यात नाव आहे का, इतर हक्कांत कुणी मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, आहे का. मुंडकार असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि त्याला बाजूला सारून तुम्हाला काही करता येणार नाही, करूही नये. उतारा म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. जुनं विक्रीखत, पोर्तुगीज काळातली नोंद, वारसांमधल्या वाटणीची इन्व्हेंटरी हे सगळं वकिलाने पाहायला हवं. विक्रेत्याचे भाऊ, बहिणी आणि त्या सगळ्यांचे नवरे-बायका यांच्या सह्या लागतील. मुंबईत किंवा लिस्बनमध्ये असलेल्या एका बहिणीची सही राहिली तरी व्यवहार लटकतो. घरपट्टीची पावती, पंचायतीचा घर क्रमांक, विजेचं बिल दाखवून ‘सगळं क्लिअर आहे’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. यांतल्या एकानेही मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकाम कायदेशीर ठरत नाही. सर्व्हेच्या नकाशावर घराची आकृती असेल तर ते जुनं असल्याचा तो चांगला आधार. नंतर वाढवलेल्या खोल्यांना परवाना आणि सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला) आहे का, ते वेगळं पाहा. सोबत भातशेतीचा तुकडा देत असतील तर २०२३ च्या कायद्याने शेतकरी नसलेल्याला तो विकण्यावर निर्बंध आहेत. बनावट कागदांनी जमिनी लाटण्याचे प्रकार एवढे वाढले की २०२२ मध्ये सरकारला खास तपास पथक नेमावं लागलं. वकील तुमचा असावा, विक्रेत्याने सुचवलेला नसावा. वकिलाच्या फीमध्ये काटकसर करू नका.

तुमच्यापुढे खरं तर ‘वाडी की तिस्क’ एवढेच दोन पर्याय नाहीत. फोंडा तालुक्यातच किती शांत वाडे आहेत ते पाहिलंत का? पणजी-फोंडा मार्गावर मर्दोळ, मंगेशी, प्रियोळ भागात मुख्य रस्त्यापासून पाच-दहा मिनिटं आत चाललं की रहदारीचा आवाज मावळतो, आणि रस्त्यावर दिवसभर बसगाड्यांची ये-जा असते. कुंडई तुम्हाला अगदी जवळ पडेल. सावईवेरे, केरी, बोरी, शिरोडा या बाजूंना कुळागरं (पोफळीच्या बागा) आहेत, देवळं आहेत, भजनी मंडळं आहेत. तिथे मोठी बागायत परवडणार नाही, जमीन कमी मिळेल, कदाचित घर लहान असेल. माझा कौल तरी याच बाजूने आहे. काजूच्या चार झाडांपेक्षा पायी अंतरावरची बस तुमच्या घराला जास्त वर्षं उपयोगी पडेल, कारण तिचा उपयोग चौघांना आहे. त्याच बाजूची ओढ असेल तर सत्तरीत वाळपईच्या किंवा डिचोली तालुक्यात साखळीच्या बाजारापासून चालत जाता येईल अशा अंतरावर घर शोधा. साखळीला विठ्ठलापूरच्या देवळाच्या आसपास राहणाऱ्या माणसाला कुणी शहरी म्हणणार नाही, आणि त्याला मीठ आणायला गाडीही काढावी लागत नाही.

त्याच वाडीवर मन जडलं असेल तर विकत घेण्याआधी तिथे, किंवा शेजारच्या गावात, जून ते सप्टेंबर भाड्याने राहून पाहा. फ्लॅट सोडू नका. दोन्हीकडचं भाडं भरावं लागेल, जड जाईल, पण चुकलेल्या घरापेक्षा ते फार स्वस्त. आणि या चार महिन्यांत पत्नींनी गाडी शिकावी का, हा निर्णय त्यांच्यावर सोडा. त्यांना शिकायची असेल तर फोंड्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकू द्या. तुम्ही शेजारी बसून शिकवू नका, त्यात बहुतेक घरांत भांडणं होतात. शिकायची नसेल तर ‘शिकलीस तर सगळं सोपं होईल’ असं म्हणून त्यांच्या नकाराचा दोष त्यांच्यावर ढकलू नका. त्यांना शिकायची आहे आणि घरात दुसरी गाडी परवडते, असं दोन्ही असेल, तर वाडीवरच्या घराबद्दलचं माझं मत बरंच सौम्य होईल. आईंच्या शुक्रवारचं काय, हे मात्र तेव्हाही तुम्हालाच ठरवावं लागेल, आणि ‘सुट्टी मिळाली की नेईन’ हे त्याचं उत्तर नव्हे.

विक्रेत्याला जूनच्या आत इसार हवा आहे, यामागे त्याची काहीतरी निकड असेल. त्याला स्पष्ट सांगा की घर आवडलं आहे, कागद वकिलाला दाखवायचे आहेत, पावसात एकदा घर पाहायचं आहे, आणि चतुर्थी झाली की पक्कं उत्तर देईन. इसार द्यायचाच झाला तर तो लहान असू द्या, चेकने द्या, आणि कागद सदोष निघाले तर रक्कम परत मिळेल असं लेखी घेऊन द्या. चतुर्थीपर्यंत तो थांबत नसेल तर ते घर जाऊ द्या. वाळपईच्या पुढे अशी घरं अजून निघतात, आणि तुमच्या घरातल्या तिघांनी बसने जाऊन पाहिलेलं एखादं घर त्यांत नक्की असू शकतं. या आठवड्यात मात्र आधी पत्नींना तो मंगळवारचा प्रश्न विचारा.